सिझेरियननंतरची पहिली चार पावलं



गेल्या महिन्यात एका जुन्या पेशंटचा फोन आला. त्यांच्या सुनेचं सिझर होऊन दोन दिवस झाले होते. "मॅडम, पोरगी कॉटवरून पाय खाली टाकायला तयार नाही. सिस्टर ओरडतात, डॉक्टर ओरडतात, आता मीही ओरडले. काय करू?" मी म्हटलं, "आधी ओरडणं बंद करा." मग आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच टाकावं.

मी फिजिशियन आहे. सिझेरियन मी करत नाही. पण सिझेरियन झालेल्या बाईला ताप आला, धाप लागली, पाय सुजला की स्त्रीरोगतज्ज्ञ मला बोलावतात, त्यामुळे बाळंतिणींच्या वॉर्डात माझं येणंजाणं जुनं आहे. शिवाय एकदा मी स्वतः त्या कॉटवर होते.

ते साल 1998. एमडी होऊन दीड वर्ष झालेलं. माझं बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर ठरलं. त्या काळी स्पायनल भूल दिली की उशी काढून घ्यायचे आणि चोवीस तास सपाट झोपवायचे, का तर डोकं दुखू नये म्हणून. (नुसतं पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे पुढे स्पष्ट झालं. सुया बारीक आणि वेगळ्या टोकाच्या आल्या, तेव्हा ती खरी कमी झाली.) दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आता उठायचं." मी म्हटलं, "उठते थोड्या वेळाने."

हा थोडा वेळ संध्याकाळपर्यंत लांबला. मी डॉक्टर, त्यामुळे माझ्याकडे कारणंही चांगली होती. बीपी जरा कमी वाटतंय. थोडी कणकण आहे. रात्री झोप नाही झाली. खरं कारण एकच होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. मी उठले की टाके उसवतील आणि पोट उघडेल, असं मला वाटत होतं. पोटाचे थर कसे शिवतात हे मी स्वतः पाहिलेलं होतं. तरीही.

संध्याकाळी वॉर्डातल्या मावशी आल्या. त्या 'उठा' म्हणाल्याच नाहीत. "मॅडम, केसांचा पार गुंता झालाय हो. कडेला बसता का जरा? वेणी घालते. नको वाटलं तर लगेच परत निजवते." वेणीसाठी म्हणून मी कुशीवर वळले, पाय खाली सोडले, बसले. त्या सावकाश केस विंचरत होत्या आणि त्यांच्या नातीच्या बारशाची गंमत सांगत होत्या. मध्येच माझ्या लक्षात आलं, आपण बसलोय आणि काही फाटलेलं नाही. वेणी झाल्यावर म्हणाल्या, "एवढं बसलातच तर चपला घाला, फरशी गार आहे." मग, "गाऊन मागून गोळा झालाय, उभ्या राहा म्हणजे सारखा करते." मग खिडकीपर्यंत. चार पावलं. खिडकीपाशी उभी राहून मी रडले, तेव्हा मात्र मॅडम वगैरे गेलं आणि त्या म्हणाल्या, "झालं की गं पोरी."

मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला टप्प्याटप्प्याने धाडस वाढवणं म्हणतात, लक्ष दुसरीकडे वळवणं म्हणतात, पेशंटच्या हातात नियंत्रण देणं म्हणतात, ते सगळं त्या अर्ध्या तासात झालं होतं. मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. मी मात्र हे त्या वेळी शिकले नाही. सुटले म्हणून खूश झाले आणि विसरले.

ते विसरणं मला पुढे महागात पडलं, माझ्यापेक्षा एका पेशंटला. दहाएक वर्षांनंतरची गोष्ट. एका बाईंचं बीपी गरोदरपणात वाढलं होतं, म्हणून सिझरनंतर मी त्यांना रोज बघत होते. वजन जरा जास्त, वय पस्तिशीच्या पुढे, सिझरही तातडीने झालेलं. दुसरा दिवस उलटला तरी बाई उठेनात. राउंड घाईत होता. मी कॉटपाशी उभी राहून म्हटलं, "अहो, असंच पडून राहिलात तर पायात गुठळी होईल. ती छातीत गेली तर जिवावर बेतेल. कळतंय का?" त्यांनी मान हलवली. मला वाटलं, कळलं.

पाचव्या दिवशी डावा पाय मांडीपर्यंत सुजला. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसली. नंतर त्यांच्या बहिणीने मला सांगितलं, "तुम्ही ते बोलून गेलात ना, त्यानंतर ती आणखीच हलेना. म्हणायची, गुठळी झालीच असेल आता, हलले तर सुटून छातीत जाईल." मी धाक घातला होता चालवण्यासाठी, आणि त्या धाकानेच तिचे पाय बांधले गेले. सुदैवाने हेपारिनची इंजेक्शनं, नंतर गोळ्या, यांवर त्या बऱ्या झाल्या. बाळाला अंगावर पाजणंही चालू राहिलं. त्या चालल्या असत्या तर गुठळी झालीच नसती असं मी म्हणणार नाही, कारण त्यांना इतरही धोके होते आणि प्रतिबंधक इंजेक्शनचा विचार आम्ही सर्वांनीच आधी करायला हवा होता. पण माझं ते वाक्य चुकलं होतं, यात शंका नाही.

गुठळी का होते, ते थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ विरशो या जर्मन डॉक्टरच्या नावाने तीन कारणं प्रसिद्ध झाली, ती आजही आम्ही पाठ करतो: रक्त साचणं, रक्त लवकर गोठणं आणि रक्तवाहिनीला इजा होणं. बाळंतिणीत तिन्ही असतात. बाळंतपणात रक्तस्राव फार होऊ नये म्हणून निसर्ग आधीपासूनच रक्त गोठण्याची शक्ती वाढवून ठेवतो. वाढलेलं गर्भाशय पोटातल्या शिरा दाबतं. डाव्या पायाची मोठी शीर वर जाताना एका धमनीखालून जाते, म्हणून गरोदरपणातल्या आणि बाळंतपणातल्या गुठळ्या डाव्या पायात जास्त दिसतात. त्यात ऑपरेशन आणि वर पडून राहणं. पायातलं रक्त वर ढकलायला हृदयासारखा पंप पायात नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात, आणि पोटरी हलली तरच तो पंप चालतो. घाबरून जाऊ नका, असं हजारात एखाद-दोघींनाच होतं. पण बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे यासाठी सर्वांत जोखमीचे, आणि साध्या बाळंतपणापेक्षा सिझरनंतर जोखीम जास्त.

चालण्याचे इतर फायदे रोजच्या व्यवहारातले आहेत. गॅस सुटतो, पोटाचा फुगारा कमी होतो, लघवीची नळी लवकर निघते, छाती मोकळी राहते. सिझेरियननंतर बाईला लवकर बरं वाटावं यासाठी 2018-19 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ज्या शिफारशी केल्या, त्यात लवकर खाणंपिणं, लवकर नळी काढणं आणि लवकर हालचाल हे तिन्ही आहे. आणि हा प्रश्न थोड्या बायकांचा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे साधारण एक सिझेरियन होतं.

आता त्या भीतीकडे वळू. जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात 'टाके तुटतील' हे असतंच. तिला 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नका. काय शिवलंय ते सांगा. मी कागदावर चित्र काढून सांगते. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग एक पांढरा चिवट पडदा, ताडपत्रीसारखा. पोटाची खरी ताकद त्या पडद्यात असते आणि तो जाड, मजबूत दोऱ्याने शिवतात. तो दोरा काही आठवडे आपलं बळ टिकवतो. त्याखालचे पोटाचे स्नायू नेहमीच्या आडव्या छेदात कापत नाहीत, दोन बाजूंना सारतात, पडदे सारावेत तसे. त्याखाली गर्भाशय, त्याला वेगळे टाके. हे सगळं चालण्याने उसवत नाही. चालताना टाक्यांना ओढ बसते आणि ती दुखते. दुखणं म्हणजे फाटणं नव्हे, हे एवढं एक वाक्य बाईच्या मनात उतरलं की अर्धं काम होतं.

शब्दांना फार महत्त्व आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला बॉस्टनमधला एक अभ्यास मी आमच्या सिस्टरांना नेहमी सांगते. कळा कमी करण्यासाठी पाठीत भूल देण्यापूर्वी कातडी बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं होतं. काही बायकांना सांगितलं, आता जागा बधिर होईल आणि तुम्हाला आराम पडेल. बाकीच्यांना सांगितलं, आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल. इंजेक्शन तेच. पण मधमाशी ऐकलेल्या बायकांना ते जास्त दुखलं. म्हणून 'खूप दुखेल हं, घट्ट धरा' असं म्हणण्यापेक्षा 'पहिल्यांदा ओढ जाणवेल, उभं राहिल्यावर ती कमी होत जाते' असं म्हणावं. दोन्ही खरंच आहे, पण दुसऱ्या वाक्यात पुढचा रस्ता दिसतो.

आमच्या गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीबरोबर आम्ही गेली काही वर्षं जे करतो, ते सांगते. सिझर आधीच ठरलं असेल तर आदल्या दिवशी तालीम घेतो. गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय कॉटखाली सोडायचे, त्याच वेळी कोपराने आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने रेटा देऊन बसायचं. उताणं असताना मान वर करून सरळ उठायला गेलं की सगळा ताण पोटावर येतो, बाई कळवळते, आणि मग दिवसभर नाव काढत नाही. पोट न दुखता एकदा सराव झालेला असला की दुसऱ्या दिवशी शरीराला ते ओळखीचं वाटतं. खोकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. उठताना श्वास रोखायचा नाही, तोंडाने फुंकर घातल्यासारखा सोडत उठायचं.

दुखण्याचं औषध ठरलेल्या वेळी द्यावं, आणि पहिलं उठणं औषध दिल्यानंतर पाऊण-एक तासाने ठेवावं. यावर मी जरा भांडखोरपणे बोलते. 'बाईच्या जातीने सहन करायला हवं' हे मी अजूनही ऐकते, आणि ते म्हणणाऱ्यांत बायकाही असतात. दुखणं न थांबवता बाईचं मन वळवायला जाणं हा मानसशास्त्राचा दुरुपयोग आहे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालणारी वेदनाशामकं आहेत, डॉक्टर ती देतात, मागून घ्या.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे वेळ ठरवण्यापेक्षा निमित्त ठरवणं. 'नंतर उठते' किंवा 'पाच वाजता उठते' हे टळतं. 'चहा आला की बसायचं', 'नळी काढली की बाथरूमपर्यंत जायचं', 'बाळाला पाजून झालं की दारापर्यंत' हे टळत नाही, कारण चहा आला की आठवण आपोआप होते. 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधी ठरवलं तर माणूस ते जास्त वेळा पार पाडतो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. ही निमित्तं बाईनेच निवडावीत. एक बाई म्हणाली, माझी मालिका लागली की चालेन. हरकत काय?

आमच्याकडे कॉटच्या पायथ्याशी एक साधा कागद लावलेला असतो. बसले, उभी राहिले, खुर्चीपर्यंत, बाथरूम, व्हरांडा. खुणा तिनेच करायच्या. शेजारच्या कॉटवरची कालची बाळंतीण आज चालताना दिसली तर त्याचा उपयोग माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त होतो, म्हणून मी मुद्दाम तिला नव्या बाईशी गप्पा मारायला पाठवते.

'बाळासाठी तरी उठ' हे वाक्य मात्र मला आवडत नाही. काही वेळा ते लागू पडतं. बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत असेल तर आई आपणहून उठते, तिला धरून ठेवावं लागतं. पण एरवी या वाक्याचा अर्थ बाईला 'तू उठत नाहीस म्हणजे तू चांगली आई नाहीस' असा ऐकू येतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस तसेच रडवेले असतात. त्यात अपराधीपणाची भर कशाला?

आता घरच्यांविषयी. आपल्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना झोपून राहावं, वारा लागू देऊ नये, ही समजूत पक्की आहे. आम्ही पूर्वी सासूबाईंना आणि आईंना व्याख्यान द्यायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि आमची पाठ वळली की म्हणायच्या, "नीज गं तू." त्यात माया असते, हे आम्हाला उशिरा उमगलं. मग आम्ही त्यांनाच काम दिलं. "आई, दिवसातून चार वेळा हिला व्हरांड्यापर्यंत तुम्ही न्यायचं, तुमच्या हातावर सोपवतेय." आता 'उठ' हे सांगणारी व्यक्ती तिच्या विश्वासाची असते. कान बांधा, मोजे घाला, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर बेताने खा, आमचं काही म्हणणं नाही. फक्त बंद खोलीत धुराची शेगडी नको, बाळाच्या छातीला ती वाईट. नवऱ्यालाही काम द्यावं. कॉटच्या बाजूला उभं राहून हात पुढे करायचा, ओढायचं नाही. तिने धरायचं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट राहून जायला नको. उठायला नकार देणारी प्रत्येक बाई भित्री नसते. एका मुलीला आम्ही सगळे 'लाडावलेली' म्हणत होतो. बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी नाडी धरली, ती एकशेतीसच्या वर होती. हिमोग्लोबिन सहा निघालं. तिला रक्त चढवावं लागलं आणि मग ती दुसऱ्या दिवशी हसत चालली. तेव्हापासून मन वळवण्याच्या आधी मी नाडी, बीपी, रक्तस्राव आणि पायातली ताकद बघते. स्पायनलनंतर पाय सरळ उचलता येतोय का, हे पाहिल्याशिवाय उभं करायचं नाही. पहिल्यांदा उठताना पाच मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, आणि जवळ सिस्टर हवीच. एकटीने बाथरूमला जाण्याचा पराक्रम पहिल्या दिवशी करू नये. बसलं की डोकं फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर ते स्पायनलचं डोकं दुखणं असू शकतं, भूलतज्ज्ञांना सांगा. ज्यांना आधी गुठळी झालेली आहे, वजन फार आहे, रक्तस्राव बराच झाला आहे, त्यांना चालण्याबरोबर इंजेक्शनंही लागू शकतात. नुसत्या चालण्यावर विसंबू नये.

घरी गेल्यावर एकाच पायाला सूज, पोटरीत कळ, अचानक धाप, छातीत दुखणं, ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, पॅड तासाभरात भिजणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. आणि दोन आठवडे उलटूनही बाईला उठावंसंच वाटत नसेल, कशातच मन लागत नसेल, बाळाकडेही बघवत नसेल, तर तो टाक्यांचा प्रश्न नाही. तिला डॉक्टरकडे आणा. त्यावर चांगले उपचार आहेत.

फोनवरच्या सासूबाईंना मी यातलं थोडंच सांगितलं. दुखण्याची गोळी कधी दिली ते विचारा, नाडी बघायला सांगा, आणि मग सुनेला म्हणा, वेणी घालू का? संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. "मॅडम, तिचे केस बॉबकट आहेत. पायाला नेलपॉलिश लावते म्हटलं, बसली कडेला. आत्ता खिडकीत उभी आहे."